लुई ब्रेल : सहा ठिपक्यांचा प्रकाश



४ जानेवारी हा दिवस २०१९ पासून ‘जागतिक ब्रेल दिन’ म्हणून पाळला जातो. १८०९ साली याच दिवशी पॅरिसजवळच्या कुव्रे या खेड्यात लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे आणि लगाम बनवीत. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळता खेळता त्याच्या हातातली आरी निसटली आणि डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला. पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली.

त्या काळी गरीब अंध मुलाच्या नशिबी बहुधा भीक तरी असे, नाहीतर घराचा कोपरा. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्याला कोपऱ्यात बसवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. तिच्या आधाराने तो गावच्या वाटा शिकला. लगामाला लावायचे कातडी गोंडे तो करू लागला. ज्या कामात मुलाचे डोळे गेले, तेच काम बापाने पुन्हा त्याच्या हाती दिले. त्यासाठी काळीज किती घट्ट करावे लागले असेल!

गावचे धर्मगुरू आबे पालुई यांनी त्याला शिकवायला सुरुवात केली आणि गावच्या शाळेत त्याला प्रवेश मिळवून दिला. दहाव्या वर्षी, १८१९ साली, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावाने छापलेली होती. पुस्तके जड आणि मोजकी. वाचायला फार वेळ लागे. पुढे बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आली. पण एवढे ठिपके बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. लुईने ते सहावर आणले. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकाराला आली. १८२९ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवू लागले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. आज मराठीही त्याच सहा ठिपक्यांनी वाचली जाते.

बंधुभगिनींनो, दया आणि प्रेम यांत फरक आहे. दया मुलाचे उणेपण पाहते, प्रेम मूल पाहते. कमी दिसणाऱ्या मुलाला ‘तू बस, पडशील’ असे दिवसभर सांगणे ही दया झाली. घरातल्या वस्तू ठरल्या जागी ठेवणे, हात लावण्याआधी त्याला नावाने हाक मारणे, ओढत नेण्याऐवजी आपले कोपर त्याच्या हाती देणे, चेंडूत घुंगरू घालून त्याला खेळात घेणे, हे प्रेम. खेळताना गुडघे सर्वांचेच फुटतात; त्याचेही फुटू द्या.

प्रभू येशूने आंधळ्या बार्तीमयाला बरे करण्याआधी त्याला काय हवे ते विचारले. आपणही विचारू या. धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि चर्चच्या अंगणात असे मूल दिसले, तर बाकीच्या मुलांनो, त्याला तुमच्या खेळात घ्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू