अदृश्य पाण्याचा मापक : हेन्री दार्सी

विहिरींत पाणी कोठून येतें, असें एखाद्या मुलास विचारलें तर तो झऱ्यांतून येतें असें उत्तर देईल. पण झऱ्यांत तें कोठून येतें, किती येतें, आणि पुढील उन्हाळ्यांत तितकेंच येईल कीं नाहीं, असें विचारल्यास मोठीं माणसेंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. दीडदोनशें वर्षांपूर्वीं तर या प्रश्नाचें उत्तर पाणाड्यावांचून कोणापाशीं नव्हतें. पृथ्वीच्या पोटांतील पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून त्याविषयीं वाटेल तें बोलण्याची सर्वांस मोकळीक होती. ती मोकळीक ज्या पुरुषानें केवळ मोजमापाच्या जोरावर मोडून काढिली, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

हेन्री दार्सी याचा जन्म फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतांतील दिजाँ या शहरीं ता. १० जून १८०३ रोजीं झाला. तो चौदा वर्षांचा असतां त्याचा बाप वारला. घरची स्थिति बेताची; परंतु आई मोठी करारी होती. तिनें कर्ज काढून मुलास शिक्षक ठेवून दिले आणि विद्याभ्यासांत खंड पडूं दिला नाहीं. १८२१ सालीं हेन्रीस पॅरिस येथील प्रसिद्ध पॉलिटेक्निक विद्यालयांत प्रवेश मिळाला, व तेथून तो पूल आणि रस्ते यांच्या सरकारी इंजिनियरी विद्यालयांत गेला. शिक्षण संपल्यावर त्याची नेमणूक लवकरच त्याच्या जन्मगांवीं झाली. १८२८ सालीं त्यानें हेन्रिएट कॅरी नांवाच्या, दिजाँमध्यें राहणाऱ्या एका इंग्रज कुटुंबांतील मुलीशीं विवाह केला. त्यांस मूलबाळ झालें नाहीं.

दिजाँ शहर द्राक्षांच्या मळ्यांकरितां नांवाजलेलें असलें तरी तेथील पाण्याची मात्र त्या काळीं दुर्दशा होती. सूझों नांवाचा एक लहानसा प्रवाह शहरांतून वाहत असे. त्याच्या पात्रांत घरोघरचें सांडपाणी व केरकचरा येऊन पडे, आणि पाणी ओसरलें म्हणजे ती घाण तेथेंच कुजत राही. विहिरी उथळ होत्या. त्या घाणीचा पाझर त्यांत उतरे, आणि तेंच पाणी लोक पीत. १८३२ सालीं पटकीची सांथ पॅरिसपर्यंत येऊन पोंचली व हजारों माणसें दगावलीं. पटकी पाण्यावाटे पसरते हें त्या वेळच्या वैद्यांस ठाऊक नव्हतें, लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनीं तें उघडकीस आणण्यास अजून बावीस वर्षांचा अवकाश होता. तथापि गढूळ व दुर्गंध पाण्यावर माणसांनीं दिवस काढूं नयेत, इतकें दार्सीस पुस्तकावांचूनही कळत होतें; कारण त्याच गल्ल्यांतून तो लहानाचा मोठा झाला होता.

१८३० च्या सुमारास शहरांतील सेंट मिशेल चौकांत सुमारें १५० मीटर खोल वेधविहीर खणून पाहण्यांत आली. पाणी लागलें, आणि तें नळींतून बरेंच वरही चढलें. लोकांस वाटलें, आतां संकट टळलें. परंतु मोजून पाहतां तें पाणी शहराच्या गरजेस पुरणारें नाहीं असें ठरलें. येथें दार्सीच्या स्वभावाचें पहिलें दर्शन घडतें. लागलेल्या पाण्याचें समाधान मानून नगरपालिकेला खर्चांत पाडणारा इंजिनियर कांहीं विरळा नसतो. दार्सीनें आपली दृष्टि शहराबाहेर वळविली, आणि सूझोंच्या खोऱ्यांतील रोझ्वार नांवाच्या एका मोठ्या झऱ्याची परीक्षा आरंभिली.

झऱ्याची परीक्षा म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. पावसाळ्यानंतर कोणताही झरा उदार दिसतो; त्याची खरी परीक्षा टंचाईच्या दिवसांत होते. त्या काळचे इंजिनियर झऱ्याच्या वाटेंत एक फळी आडवी उभी करीत व तिच्या वरच्या कडेस ठराविक रुंदीची खांच पाडीत. त्या खांचेवरून पाणी किती उंचीनें ओसंडतें तें मोजलें, म्हणजे दर मिनिटास किती पाणी जातें तें गणितानें निघे. काम अगदीं साधें, पण चिकाटीचें. कारण एका दिवसाचें माप म्हणजे कांहींच माप नव्हे. थंडींत, उन्हांत, पावसांत पुनःपुन्हां त्याच जागीं जाऊन तीच उंची पाहावी लागते. नदीचा, झऱ्याचा वा विहिरीचा अभ्यास आजही याच रीतीनें होतो. यंत्रें बदललीं, पण माप मात्र नियमितपणें घ्यावेंच लागतें. अशीं मापें हातीं आल्यावर, आणि झऱ्यापासून शहरापर्यंतच्या जमिनीचे चढउतार तपासल्यावर, दार्सीनें १८३४ सालीं आपला अहवाल नगरपालिकेपुढें ठेविला.

पुढें काम सुरू झालें. झऱ्यापासून शहराच्या वेशीपर्यंत १२.७ किलोमीटर लांबीचा, वरून झांकलेला, दगडी बांधणीचा पाट तयार झाला. त्यास कोठेंही पंप नव्हता. पाणी केवळ उताराच्या जोरावर येणार होतें. पुणेंकरांस यांत फारसें नवल वाटावयाचें नाहीं, कारण नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावाचें पाणी असेंच उताराच्या आधारें शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत आणलेलें होतें. ता. ६ सप्टेंबर १८४० रोजीं रोझ्वारचें स्वच्छ पाणी दिजाँच्या जलाशयांत येऊन पडलें. पुढील चार वर्षांत गल्लोगल्लीं मिळून सुमारें २८,००० मीटर लांबीचे नळ पुरले गेले, व रस्त्यारस्त्यावर सार्वजनिक तोट्या बसल्या. ज्या बायकांचा निम्मा दिवस पाणी वाहण्यांत जात असे, त्यांस पाणी आतां जवळजवळ दाराशीं मिळूं लागलें. प्रत्यक्ष पॅरिस राजधानींतही अशी सोय तेव्हां नव्हती.

या कामाबद्दल दार्सीस नियमाप्रमाणें मोठें मानधन घेतां आलें असतें. त्यानें तें घेतलें नाहीं. शहरानें त्यास सुवर्णपदक अर्पण केलें आणि त्याच्या घरास आजन्म मोफत पाणी देण्याचें ठरविलें. एवढाच मोबदला त्यानें स्वीकारिला.

यानंतर पॅरिसहून लियाँकडे जाणारा लोहमार्ग दिजाँवरून न्यावा, या योजनेंत त्यानें पुढाकार घेतला; ब्लेझी येथील चार किलोमीटरांहून लांब बोगद्याची कल्पना त्याचीच. पण १८४८ च्या राज्यक्रांतींत नव्या अधिकाऱ्यांची त्याच्यावर मर्जी राहिली नाहीं, आणि ज्या शहरास त्यानें पाणी दिलें त्याच शहरांतून त्याची दूर बूर्ज गांवीं बदली करण्यांत आली. त्याच वर्षीं त्यास पॅरिसच्या पाणी व रस्ते या खात्याचें प्रमुखपद मिळालें, हें खरें. तथापि हा घाव त्याच्या मनास लागल्यावांचून राहिला नसेल. त्याबद्दल कुरकुर करीत बसण्याऐवजीं त्यानें पॅरिसमध्यें नळांवर प्रयोग चालविले. नळाच्या आंतील बाजूच्या खडबडीतपणाचा पाण्याच्या वेगाशीं कांहीं संबंध नाहीं, असें प्रोनी या मोठ्या पंडिताच्या काळापासून मानीत आले होते. दार्सीनें नवे, जुने, गंजलेले अशा नाना प्रकारच्या नळांतून पाणी सोडून पाहिलें, आणि हा समज चुकीचा असल्याचें आंकड्यांनीं दाखवून दिलें.

एव्हांना त्याची प्रकृति ढांसळूं लागली होती. १८५५ सालीं त्यास नेहमींच्या जबाबदाऱ्यांतून मोकळीक मिळाली व तो दिजाँस परतला. दुसरा कोणी असता तर विश्रांति घेता. परंतु याच दोनअडीच वर्षांत दार्सीनें जें केलें, त्यामुळें त्याचें नांव आज भूजलशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत आढळतें.

दिजाँच्या इस्पितळाच्या आवारांत त्यानें एक लोखंडी नळकांडें उभें केलें. त्याचा आंतील व्यास ३५ सेंटिमीटर. त्यांत सोन नदीची वाळू भरली. ही सोन फ्रान्सची, आपल्याकडील शोण नव्हे. वरून इस्पितळाच्या नळाचें पाणी सोडावयाचें, तें वाळूंतून झिरपून खालीं येईल तें मापांत धरावयाचें, आणि वाळूच्या वर व खालीं पाण्याचा दाब किती आहे तें पाऱ्याच्या नळ्यांवर पाहावयाचें, असा प्रयोग होता. १८५५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस दार्सी व त्याचा सहकारी इंजिनियर शार्ल रिटर हे दोघे या कामास लागले. अडचण अशी कीं, इस्पितळांत कोणी तोटी उघडली किंवा मिटली कीं दाब खालींवर होई, आणि पाऱ्याची रेघ थरथरूं लागे. ती शांत होईपर्यंत वाट पाहून, पुन्हां मोजून, पुन्हां टिपून घेत घेत हें काम चाललें. पुढील फेब्रुवारींत रिटरनें आणखी कांहीं प्रयोग केले.

या आंकड्यांतून जो नियम निघाला तो मराठी चौथीच्या मुलासही समजेल. वाळूच्या दोन्ही टोंकांस पाण्याच्या पातळींत जितकें अधिक अंतर, तितकें अधिक पाणी झिरपतें. वाळूचा थर जितका जाड, तितकें कमी झिरपतें. अंतर दुप्पट केलें तर पाणी दुप्पट. थर दुप्पट केला तर पाणी निम्मे. आणि प्रत्येक वाळूचा स्वतःचा असा एक गुणांक असतो. भरड वाळूचा मोठा, बारीक वाळूचा लहान. एवढाच हा नियम. पण यामुळें न दिसणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडतां येऊं लागला. दोन विहिरींतील पाण्याच्या पातळ्या मोजा, त्यांमधील अंतर मोजा, जमिनीचा गुणांक काढा. म्हणजे जमिनीखालून पाणी कोणत्या दिशेस व किती चाललें आहे तें सांगतां येतें. १८५६ सालीं दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरील आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटीं, एका पुरवणी टिपणांत, त्यानें हा नियम छापला. मूळ ग्रंथ आज थोडेच लोक वाचतात, परंतु त्या पुरवणीनें एक शास्त्र जन्मास घातलें.

या नियमास मर्यादाही आहेत, व त्या न सांगणें दार्सीस आवडलें नसतें. वाळू, रेती यांतून सावकाश झिरपणाऱ्या पाण्यास तो चोख लागू पडतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी भेगांतून व कुजलेल्या मुरुमांतून चालतें. तेथें तो जपूनच वापरावा लागतो. तरीही महाराष्ट्रांत ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजली जाते, तेव्हां त्या आंकड्यांचा अर्थ लावणाऱ्या भूवैज्ञानिकास या फ्रेंच इंजिनियराच्या पायवाटेनेंच जावें लागतें.

जमिनीखालच्या पाण्याबरोबर उघड्या पाण्याचाही ध्यास त्यास होता. नदींतून किती पाणी जातें हें कळण्यास पात्राचें क्षेत्रफळ व पाण्याचा वेग हीं दोन्हीं हवींत. पात्र दोरीनें व काठीनें मोजतां येतें. वेग मोजणें कठीण, कारण काठाशीं, तळाशीं व मध्यभागीं तो निरनिराळा असतो. हेन्री पितो या फ्रेंच इंजिनियरानें १७३२ सालीं त्याकरितां वांकडी कांचनळी योजिली होती. ती प्रवाहासमोर धरली कीं वेगाच्या जोरानें पाणी नळींत वर चढे. परंतु हलत्या पाण्यांत वांकून तें वाचणें म्हणजे डोळ्यांची शिक्षाच होती. दार्सीनें नळ्यांचीं तोंडें बारीक केलीं, आणि त्यांस अशी तोटी बसविली कीं ती मिटली म्हणजे आंतील पाणी तेथेंच थांबे, व नळी बाहेर काढून निवांतपणें वाचतां येई. मग बर्गंडीच्या कालव्यापाशीं जवळजवळ ६०० मीटर लांबीचा एक प्रयोगाचा पाट बांधून, उघड्या प्रवाहांत पाणी कसें चालतें याच्या अभ्यासास त्यानें हात घातला. पात्र गुळगुळीत कीं खडबडीत, उतार किती, खोली किती, यांवरून प्रवाहाचा हिशेब करण्याची ही खटपट होती. पुरांत नदींतून किती पाणी जाईल व काठ तें सांभाळतील कीं नाहीं, हें पुढें इंजिनियर अशाच हिशेबांनीं काढूं लागले.

हें काम मात्र त्याच्या हातून पुरें व्हावयाचें नव्हतें. पॅरिस येथें असतां छातीच्या विकारानें ता. ३ जानेवारी १८५८ रोजीं, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं, तो मरण पावला. त्याचा तरुण मदतनीस आंरी बाझँ यानें पाटावरील प्रयोग पुढें कित्येक वर्षें चालविले, आणि १८६५ सालीं ते छापून प्रसिद्ध केले. जमिनीच्या पाझरशक्तीच्या एका मापास पुढें १९३३ सालीं दार्सी हेंच नांव देण्यांत आलें.

त्याचें शव आगगाडीनें दिजाँस आणण्यांत आलें, व शहरानें मोठ्या इतमामानें त्यास निरोप दिला. ज्या वेशीपाशीं रोझ्वारचें पाणी प्रथम आलें, तेथील चौकास त्याचें नांव मिळालें. जलाशयावर पुढें १८८० सालीं एक सुंदर बाग झाली. तीही दार्सीच्याच नांवानें ओळखली जाते. बागेच्या दाराशीं १९३७ सालीं पांढऱ्या दगडाचें एक भलें मोठें अस्वल बसविण्यांत आलें. आईबापांचा हात धरून येणारीं मुलें प्रथम त्या अस्वलाकडेच धांव घेतात.