तेनसिंग नोर्गे

शेर्पा तेनसिंग नोर्गे (१९१४–१९८६) हे १९३५ साली हमाल म्हणून प्रथम एव्हरेस्ट मोहिमेत सामील झाले. मे १९५२ मध्ये स्विस गिर्यारोहक रेमाँ लाँबेर यांच्यासह ते सुमारे ८,६०० मीटर उंचीपर्यंत पोहोचले. परंतु प्राणवायूची उपकरणे चालताना निरुपयोगी ठरली. शिखराचा मोह आवरून दोघे मागे फिरले. त्याच वर्षी शरद ऋतूत पुन्हा केलेला प्रयत्न थंडी आणि सोसाट्याच्या वाऱ्यामुळे फसला. बर्फ कोसळून एक शेर्पा मृत्युमुखी पडला.

१९५३ च्या ब्रिटिश मोहिमेने पावसाळ्यापूर्वीचा काळ साधला. उपकरणे सुधारलेली होती. अखेरचा तंबू सुमारे ८,५०० मीटरवर ठोकला. २९ मे रोजी तेनसिंग व एडमंड हिलरी शिखरावर पोहोचले. आदल्या वर्षी वेळीच परतल्यामुळेच तेनसिंग यांना हा दिवस पाहता आला. पुढे दार्जिलिंगच्या हिमालय पर्वतारोहण संस्थेत त्यांनी अनेकांना गिर्यारोहणाचे शिक्षण दिले.