मुमताज महलचं चौदावं बाळंतपण

ताजमहाल तुम्ही पाहिला असेल, निदान फोटोत तरी. पण ज्या बाईसाठी तो बांधला ती कशानं गेली, हे विचारलं तर बरेच जण थबकतात. ती बाळंतपणात गेली. वय ३८. आणि गेली ती आग्र्यात नव्हे, तर बुऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्या रावेरच्या पुढे, तापीच्या काठी.

तिचं मूळ नाव अर्जुमंद बानू. जन्म १५९३ चा. वडील आसफ खान, आत्या नूरजहाँ. १६०७ मध्ये शहजादा खुर्रमशी, म्हणजे पुढच्या शाहजहानशी, तिची सोयरीक ठरली आणि १६१२ मध्ये लग्न झालं. शाहजहानच्या इतर बायकाही होत्या, पण विश्वास हिच्यावर. पुढे शाही मोहोरही तिच्या ताब्यात आली. नवरा मोहिमेवर निघाला की तीही निघायची, बहुतेक वेळा पोटुशी असताना.

मुलांची जन्मठिकाणं पाहिली तरी तिच्या आयुष्याची कल्पना येते. दारा शुकोह अजमेरला, रोशनआरा बुऱ्हाणपूरला, औरंगजेब दाहोदला. १६२२ नंतर शाहजहाननं बापाविरुद्ध बंड केलं आणि काही वर्षं मुलुखभर पळापळ झाली. त्यातच १६२४ मध्ये बिहारमधल्या रोहतासगडावर मुराद जन्मला. १६१३ ते १६३१ या अठरा वर्षांत तिची चौदा बाळंतपणं झाली. सात मुलं जगली, सात लहानपणीच गेली.

शाहजहान १६२८ मध्ये तख्तावर बसला. दोनच वर्षांत खान जहान लोदीच्या बंडामुळे त्याला दख्खनकडे यावं लागलं. मुक्काम बुऱ्हाणपूरला पडला. आजूबाजूला भीषण दुष्काळ होता. जून १६३१ मध्ये मुमताजला कळा सुरू झाल्या आणि त्या सुमारे तीस तास चालल्या असं सांगतात. मुलगी झाली, गौहरआरा. ती जगली, थेट १७०६ पर्यंत. आई मात्र १७ जूनला, बाळंतपणानंतर थोड्याच वेळात गेली.

दरबारी इतिहासकारांनी आजच्या भाषेत निदान लिहून ठेवलेलं नाही. पण चौदावी खेप, लांबलेल्या कळा आणि लगेच मृत्यू एवढं ऐकल्यावर कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिला विचार रक्तस्रावाचा येतो. माझ्याही आला.

तो का होतो हे समजून घ्या. दिवस भरत आले की गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिच्यामागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भपिशवीचा स्नायू घट्ट आवळला की त्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. बहुतेक बायकांच्या बाबतीत हे आपोआप होतं. पण स्नायू खूप वेळा ताणलेला असेल, तासन्‌तास कळा देऊन थकलेला असेल, तर पिशवी सैल राहू शकते. मग अंगावरचं जाणं थांबत नाही. अंगात आधीच रक्त कमी असेल तर हातात फारच थोडा वेळ उरतो. ‘आधीची सगळी सुखरूप झाली, आता कसली काळजी’ हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. ते चुकीचं आहे.

बुऱ्हाणपूरला हकीम होते, दाया होत्या, पैशाला तोटा नव्हता. रक्त चढवण्याची सोय मात्र तेव्हा जगात कुठेच नव्हती. आज पिशवी आवळण्याचं औषध देतात, पोटावरून चोळतात, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात (हे बाळंतपणापासून तीन तासांच्या आत), आत फुगा ठेवून दाब देतात, मग टाके घालतात किंवा रक्तवाहिन्या बांधतात. यातल्या कशानंच भागलं नाही तर गर्भपिशवी काढतात. सिझेरियन करून त्याच वेळी पिशवी काढली आणि आई वाचली, असं पहिल्यांदा १८७६ मध्ये झालं. इटलीतल्या पाव्हिया गावी एदुआर्दो पोरो यांनी ते केलं, मुमताजनंतर २४५ वर्षांनी.

आपल्यासारख्या देशांत ही शस्त्रक्रिया बहुतेकदा उशिरा होते. पेशंट लांबून येते, रक्तपेढी दुसऱ्या गावी असते. काही वेळा पिशवी फाटलेली असते. आधी सिझेरियन झालेल्या बाईत वार जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसते, आणि सिझेरियन वाढली तसं हेही वाढतंय. त्यात घरचे बाहेर चर्चा करत बसतात. सासूबाईंना वाटतं अजून एक मूल हवं, नवरा गावाहून निघालेला असतो. बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिची लागते, नवऱ्याच्या सहीसाठी थांबायचं कारण नाही. ती बेशुद्ध असेल आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सहीवाचूनही जीव वाचवू शकतात. पण ‘थोडं थांबा’ असं दारात सांगणारी माणसं प्रत्यक्षात वेळ खातात.

पिशवी गेली की पाळी येत नाही, पुन्हा दिवस राहत नाहीत. याचं दुःख खरं असतं, ते कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण बीजकोष सहसा ठेवतात, त्यामुळे बाई लगेच म्हातारी होते वगैरे खरं नाही. बाळाला अंगावर पाजता येतं, मात्र फार रक्त गेलेलं असेल तर दूध उशिरा किंवा कमी येऊ शकतं.

मुमताजला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं. डिसेंबर १६३१ मध्ये तिचा देह आग्र्याला नेला आणि मग ताजमहाल उभा राहिला. तसाच दिसणारा बीबी का मकबरा छत्रपती संभाजीनगरला तुम्ही पाहिला असेल. तो तिच्या सुनेचा, औरंगजेबाची बायको दिलरास बानू हिचा. तीही १६५७ मध्ये बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली, बहुधा बाळंतज्वरानं. त्या तापाबद्दल वेगळं लिहावं लागेल.