संत अँब्रोज : न्यायासनावरून धर्मासनाकडे

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात जिल्ह्याचा मुख्य अधिकारी म्हणजे अव्वल तालुकदार. शेतसाऱ्याची वसुली त्याच्याकडे असे आणि खटलेही त्याच्यापुढे चालत. १९२१ च्या सुमारास संस्थानाने न्यायखाते कारभारापासून वेगळे केले. तोवर रयतेच्या दृष्टीने सरकार आणि न्याय हे एकाच खुर्चीवर बसलेले असत. चौथ्या शतकातील रोमन साम्राज्यात प्रांताधिकाऱ्याची खुर्ची अशीच होती. तो कराचा हिशेब पाही, न्यायदान करी, संशयितांची छळ करून चौकशी करवी आणि देहदंडही फर्मावी. ज्यांचा सण ख्रिस्तसभा ७ डिसेंबर रोजी साजरा करते, ते मिलानचे महागुरू संत अँब्रोज पूर्वायुष्यात असेच एक प्रांताधिकारी होते.

अँब्रोज यांचा जन्म इ. स. ३४० च्या सुमारास आजच्या जर्मनीतील ट्रियर येथे झाला. वडील साम्राज्याच्या सेवेतील उच्च अधिकारी होते. त्यांच्या निधनानंतर आई मुलांना घेऊन रोमला आली. थोरली बहीण मार्सेलिना हिने कौमार्यव्रत घेतले. अँब्रोज यांनी भाऊ सॅटिरस याच्याप्रमाणे कायद्याचा आणि वक्तृत्वाचा अभ्यास करून वकिली पत्करली. पुढे ३७० च्या सुमारास एमिलिया व लिग्युरिया या प्रांताचा कारभार त्यांच्या हाती आला. मुख्य ठाणे मिलान येथे होते.

३७४ साली मिलानचे आरियसपंथी बिशप ऑक्झेंशियस मरण पावले. नवा बिशप कोणत्या पक्षाचा, यावरून शहर पेटण्याची चिन्हे दिसू लागली. शांतता राखणे हे प्रांताधिकाऱ्याचे काम. म्हणून अँब्रोज स्वतः मंदिरात गेले आणि जमावाला समजावू लागले. तेवढ्यात एका बालकाने अँब्रोज यांचेच नाव बिशप म्हणून पुकारले आणि दोन्ही पक्षांनी ते उचलून धरले, असे त्यांचे चरित्रकार पॉलिनस सांगतात. अँब्रोज यांचा तोवर स्नानसंस्कारही झालेला नव्हता. रोमन अधिकारी तो पुष्कळदा लांबणीवर टाकत, कारण त्यांच्या हुकमाने रक्त सांडत असे. आपण नालायक आहोत हे लोकांना पटावे म्हणून त्यांनी न्यायासनावर बसून आरोपींचा छळ करविला, रात्री शहर सोडून पळण्याचाही प्रयत्न केला. लोक बधले नाहीत. सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन याने संमती दिली, आणि स्नानसंस्कारानंतर आठवड्याभरात, ७ डिसेंबर ३७४ रोजी, ते बिशप झाले. आपले सोनेनाणे त्यांनी ख्रिस्तसभेला व गोरगरिबांना देऊन टाकले. पुढे गॉथ लोकांनी पकडून नेलेल्या कैद्यांना सोडविण्यासाठी मंदिरातील पवित्र भांडीही वितळविली.

३८६ साली राजमाता जस्टिना हिच्या आग्रहावरून आरियसपंथीयांना उपासनेची मुभा देणारा आणि त्यांना विरोध करणाऱ्यास देहदंड सांगणारा कायदा निघाला. मंदिर ताब्यात देण्याची मागणी अँब्रोज यांनी साफ नाकारली. सैनिकांच्या वेढ्यात श्रद्धावंत मंदिरात बसून राहिले आणि बिशपनी रचलेली गीते गात राहिले. अखेर दरबाराने माघार घेतली. दुसऱ्याच वर्षी, ३८७ च्या पास्काच्या रात्री, त्यांनी ऑगस्टीन यांना स्नानसंस्कार दिला.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणेही भाग आहे. ३८८ साली युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम गावी ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचे सभास्थान जाळले. सम्राट थिओडोसियस याने तेथील बिशपने ते स्वखर्चाने बांधून द्यावे असा हुकूम काढला. हुकूम रास्त होता, पण अँब्रोज यांनी तो दडपणाने मागे घ्यायला लावला. कायदा जाणणाऱ्या माणसाने पीडितांच्या बाजूने उभे राहायला हवे होते. ते तसे राहिले नाहीत.

दोनच वर्षांनी मात्र तेच पीडितांसाठी उभे ठाकले. ३९० साली थेस्सलनिका शहरात सेनाधिकारी ब्यूथेरिक याने लोकांच्या आवडत्या रथचालकाला तुरुंगात टाकले. चिडलेल्या जमावाने ब्यूथेरिकला ठार मारले. संतापलेल्या थिओडोसियसने शहराला शिक्षा करण्याचा हुकूम सोडला. नंतर तो बदलला, पण दुसरा जासूद पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. ना चौकशी, ना खटला. इतिहासकार थिओडोरेट बळींची संख्या सात हजार देतो. त्यात अपराधी किती आणि निरपराध किती, हे कोणी पाहिले नाही.

बिशपनी मंदिराच्या दारात सम्राटाला हात आडवा करून थोपविले, असे चित्रकारांनी रंगविले आहे. घडले ते अधिक साधे होते. अँब्रोज प्रकृतीचे कारण सांगून शहराबाहेर गेले आणि त्यांनी स्वहस्ते खासगी पत्र लिहिले. सम्राट पश्चात्ताप करीत नाही तोवर त्याच्या उपस्थितीत आपण मिस्साबलिदान अर्पण करू शकत नाही, असा त्याचा आशय होता. रोमन कायदेपंडित सम्राटाला कायद्याच्या वर मानीत. त्यामुळे या खुनांचा जाब विचारणारे न्यायालय साम्राज्यात नव्हते. थिओडोसियसने राजवस्त्रे उतरविली, सर्वांसमक्ष अश्रू ढाळून पापाची कबुली दिली आणि त्या वर्षीच्या नाताळाच्या सुमारास त्याला पुन्हा ख्रिस्तप्रसाद मिळाला. मृत्युदंडाची अंमलबजावणी तीस दिवस थांबवावी असा एक कायदा त्याच्या नावावर आहे. थिओडोरेट त्याचा संबंध याच प्रायश्चित्ताशी जोडतो.

३९५ साली सम्राट वारला तेव्हा श्रद्धांजलीचे प्रवचन अँब्रोज यांनीच केले. ४ एप्रिल ३९७ रोजी, पवित्र शनिवारी, त्यांचे देहावसान झाले. मिलानमधील त्यांच्या नावाच्या महामंदिरात, संत जर्वासियस व संत प्रोतासियस या हुतात्म्यांशेजारी, त्यांच्या अस्थी आजही आहेत.