देवाकडे मागणं बदलणारा कोकणी माणूस : रेव्हरंड नारायण वामन टिळक

९ मे हा रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा स्मृतिदिन. शाळेत मराठीच्या पुस्तकात त्यांची कविता बहुतेकांनी वाचलेली असते. फुलामुलांचे कवी म्हणून नाव माहीत असतं. पण या माणसाचं आयुष्य कवितेपेक्षा मोठं आहे. देवापुढे उभं राहिल्यावर काय मागायचं, या एका प्रश्नावर त्यांनी घरदार, जात, पगार सगळं पणाला लावलं.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न नवा नाही. होडी समुद्रात लोटायच्या आधी नारळ वाढवला जातो. गावदेवीला नवस बोलला जातो. रेवदंडा, कोर्लई भागातले ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी चर्चमध्ये मेणबत्ती लावतात. धर्म वेगळा, पण मागणं एकच : मासळी मिळू दे, पीक येऊ दे, पोराला नोकरी लागू दे, दुखणं जाऊ दे. यात चूक काहीच नाही. पण मागणं तिथेच थांबावं का? टिळकांच्या आयुष्याकडे बघितलं की या प्रश्नाचं एक उत्तर मिळतं.

दापोलीतला जन्म, नाशकातलं शिक्षण

सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड संपतो, मंडणगड लागतं आणि पुढे दापोली. त्या दापोली तालुक्यातल्या करंजगावात १८६१ साली चित्पावन ब्राह्मण घरात नारायणाचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भक्तिमार्गी. मुलाला कवितेची आणि भक्तीची गोडी लागली ती आईमुळे. पण आई लवकर गेली आणि मुलाचं घरात मन रमेना. घर सोडून तो नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. हातात पैसा नाही, पण पाठांतर, कविता आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने थांबावं.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झालं. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. लग्नानंतरही टिळक एका जागी टिकले नाहीत. आज या गावी मास्तर, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा कुठे गेले ते घरी कुणाला माहीत नाही. पुढे नागपूरला बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. मुलं झाली आणि लहानपणीच गेली. नंतर दत्तू जगला.

या काळात टिळकांच्या डोक्यात देशाचा विचार होता. आपला समाज जातीपातीत तुटलाय, तो उभा करायचा तर धर्म कसा हवा, हे ते शोधत होते. स्वतःच्या सुखासाठी देव हवा, असं त्यांना तेव्हाही वाटत नव्हतं.

आगगाडीतली भेट

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात समोर एक गोरा प्रवासी होता. बोलणं सुरू झालं, कवितेवरून धर्मावर आलं. उतरताना त्या माणसाने बायबलचा नवा करार त्यांच्या हातात दिला आणि हा तरुण दोन वर्षांत ख्रिस्ती होईल असं भाकीत केलं. 

पुस्तक घेतलंय तर वाचायचं, म्हणून टिळक वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि ते तिथे अडकले. त्याच प्रवचनात प्रार्थना कशी करावी हे येशू शिष्यांना शिकवतो. ख्रिस्ती घरात लहान मूलही जी प्रार्थना पाठ म्हणतं, ती हीच. तिचा क्रम नीट बघण्यासारखा आहे. आधी देवाच्या नावाचा मान, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा. त्यानंतर भाकरी, आणि तीही फक्त आजच्या दिवसापुरती. मग चुकांची क्षमा आणि वाईटापासून सुटका. म्हणजे पोटाचं मागणं आहे, ते लपवलेलं नाही. पण ते पहिलं नाही आणि एकटंही नाही. पुढे त्याच प्रवचनात अन्नवस्त्राची काळजी करत बसू नका, आधी देवाचं राज्य शोधा, असा उपदेश येतो.

टिळकांना हे परकं वाटलं नाही, कारण तुकोबा त्यांना माहीत होते. तुकोबांनीही विठ्ठलाकडे धनदौलत मागितली नव्हती. देवाचा विसर पडू नये आणि संतांची संगत मिळावी, एवढंच त्यांचं मागणं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

बाप्तिस्मा आणि मोडलेलं घर

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी विश्वासात घेतलं नव्हतं. बातमी आली तशी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या काळात ब्राह्मण घरातला माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे तो घराला मेल्यासारखाच. नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना सांभाळलं, पण नवरा जिवंत असून त्यांची चार-पाच वर्षं एकटीने गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी लोक सर्रास म्हणत की ख्रिस्ती होणारा पैशासाठी होतो. टिळकांच्या बाबतीत उलट झालं. त्यांनी मान गमावला, नाती गमावली, बायको-मुलगा दुरावले.

शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरकडे आल्या. धर्म बदलायचा म्हणून नाही, नवऱ्याकडे म्हणून. सुरुवातीला सोवळं-ओवळं पाळलं, स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांचं त्यांनाच पटलं, की देवाने माणसं केली, जाती माणसांनी केल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात लिहिलाय. पुढे मराठीत त्या पुस्तकाला जो मान मिळाला तो फार थोड्या आत्मचरित्रांना मिळालाय.

चर्चमध्ये टाळ-मृदंग

तेव्हा मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजीवरून भाषांतर केलेली असायची, चालीही तिकडच्याच. खेड्यातल्या माणसाच्या तोंडात ती बसत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, पदं, भजनं लिहिली. कीर्तनाला उभे राहिले. त्यांची शेकडो गीतं आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये म्हटली जातात. ‘अभंगांजली’ हा त्यांचा अभंगांचा संग्रह.

या अभंगांत काय मागितलंय ते बघा. घर, शेत, पैसा याचं मागणं जवळजवळ नाहीच. ख्रिस्ताला ते माऊली म्हणतात, गुरू म्हणतात. माझा अहंकार जाऊ दे, तुझ्याशी जवळीक राहू दे, दुसऱ्याचं दुःख मला माझं वाटू दे, अशी त्यांची ओढ आहे. वारीला जाणाऱ्या माणसाला ही भाषा लगेच कळते. मराठी ख्रिस्ती माणसाला प्रार्थनेची आपली भाषा मिळाली ती अशी.

पण म्हणून टिळक डोळे मिटून नुसते बसले नाहीत. प्लेगच्या दिवसांत नगरला नवरा-बायको दोघांनी आजाऱ्यांची सेवा केली. अनाथ, गरीब मुलं घरात आणून वाढवली. पाहुण्यांचा राबता कायमचा. बालकवी ठोंबरे हा तरुण कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. १९१२ पासून टिळकांनी ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन सांभाळलं. आतून वाढलेला माणूस बाहेर कामाला लागतो, हे त्यांच्याकडे बघून समजतं.

पगार सोडला, दरबार मांडला

१९१७ साली टिळकांनी मोठा निर्णय घेतला. वीस वर्षांहून जास्त काळ मिशनचं काम केलं होतं, तो पगार त्यांनी सोडला. वय पंचावन्नच्या वर. ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला गेले. तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून भावासारखं एकत्र यावं, ही कल्पना. चर्चमधल्या काहींना ते रुचलं नाही. परदेशी मिशनच्या पैशावर आणि पद्धतीवर चालणारा धर्म या मातीत रुजणार नाही, असं टिळकांचं ठाम मत होतं.

देवाकडे भाकरी आजच्यापुरतीच मागायची, हे चर्चमध्ये म्हणणं सोपं आहे. महिन्याचा पगार सोडून ते जगून दाखवणं कठीण.

आणि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिळकांच्या हातात पैसा कधी टिकला नाही. मनात आलं की देऊन टाकायचे. घरात पीठ आहे की नाही, याची काळजी लक्ष्मीबाईंना. नवरा देवाकडे काही मागत नाही, म्हणून बायकोला शेजारी मागावं लागतं, हा अनुभव आपल्या गावातही अनेक घरांना असेल. लक्ष्मीबाईंनी तो हसत-रडत सोसला. त्यामुळे टिळकांच्या त्यागात अर्धा वाटा त्यांचा आहे, हे विसरून चालणार नाही.

अर्धवट राहिलेलं काम

‘देवाचा दरबार’ फार दिवस चालला नाही. तब्येत ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. वय ५७. येशूचं चरित्र ओवीबद्ध करणारा ‘ख्रिस्तायन’ हा ग्रंथ त्यांनी सुरू केला होता, पण पहिले काही अध्यायच झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठहून जास्त अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. त्यानंतर १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून आलं.

आज गावोगावी प्रार्थनेच्या सभांचे, नवसाला पावणाऱ्या जागांचे व्हिडिओ मोबाईलवर येतात. हे करा, पैसा येईल. इतके दिवस म्हणा, आजार जाईल. सगळ्याच धर्मांत हे चाललंय. अडचणीतला माणूस त्यामागे जातो, त्याला दोष देता येत नाही. आजारी पडलं तर आधी दवाखाना गाठायचा, आणि देवाजवळ बोलायचं तेही मोकळेपणाने बोलायचं.

मात्र मागणं पुरं झालं नाही की देवावरचा विश्वासच उडाला, असं ज्यांचं होतं, त्यांनी टिळकांचं आयुष्य एकदा बघावं. देवाने त्यांना श्रीमंती दिली नाही, मुलं वाचवली नाहीत, प्रकृती दिली नाही. तरी त्यांचं गाणं थांबलं नाही, कारण त्यांनी मागितलं होतं ते वेगळंच होतं. होडी भरून आली तर आनंदच आहे. रिकामी आली त्या दिवशीही माणूस चांगला राहावा, शेजाऱ्याशी नीट वागावा, धीर सोडू नये, एवढं बळ प्रार्थनेतून मिळत असेल, तर ती ऐकली गेली असं म्हणायला हरकत नाही.