पोरगं अडलं कुठे, हे आधी पाहणाऱ्या ताराबाई मोडक

यवतमाळ : शेजारचं पोरगं धडाधड वाचतं अन् आपलं अजून अक्षरातच अडलंय, ही काळजी बऱ्याच घरांत आहे. अशा लेकराला आपण लगेच ढ म्हणून मोकळे होतो. ताराबाई मोडक यांनी मात्र आधी ते कुठे अडलंय, हे पाहिलं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळी हे सोपं नव्हतं. पण त्या खचल्या नाहीत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. शिक्षकाने आधी प्रत्येक मूल नीट न्याहाळावं, ही मॉन्टेसरी पद्धत त्यांनी आपलीशी केली.

१९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या अन् १९५७ मध्ये जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथली वारली लेकरं शाळेत येत नव्हती. ताराबाईंनी त्यांना दोष दिला नाही, कारण शोधलं. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, म्हणून पाळणाघर, बालवाडी अन् शाळा एकाच जागी आणली. ती विकासवाडी. कुणी गुरं राखत होतं, म्हणून शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. महागडी साधनं नव्हती, तर खडे, बिया अन् पानं वापरली. छोट्यांसाठी बालवाडी थेट वस्तीच्या अंगणात भरवली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोचली.

आपल्या झरी जामणी, केळापूर, मारेगावच्या पोडांवर लेकरं घरी कोलामी बोलतात अन् पुस्तक मराठीत असतं. तिथे अडखळणं म्हणजे डोकं कमी असणं नव्हे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं आता निपुण भारत अभियानही म्हणतं.

म्हणून पालकांनो, पहिली-दुसरीतच लक्ष द्या. फळ्यावरचं दिसतं का? नीट ऐकू येतं का? गोष्ट छान सांगतं, पण वाचताना अडतं का? तसं वाटलं तर गुरुजींना, मॅडमना आजच सांगा. पाचवीत गेल्यावर तीच गाठ सोडवणं जड जातं.