राजभवनापर्यंत पोहोचले, पण आयुष्यभर शिष्यच राहिले. वणीच्या बापूजी अणेंची गोष्ट

फेब्रुवारी 1943. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते. तिथेच त्यांनी 21 दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय 73, तब्येत ढासळत चाललेली. तरी व्हाइसरॉय लिनलिथगो त्यांना सोडायला तयार नव्हता.

त्याच वेळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तीन भारतीय सदस्यांनी राजीनामे दिले. त्या काळात भारतीय माणसाला मिळू शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या खुर्च्यांपैकी या खुर्च्या होत्या. राजीनामा देणारे तिघे म्हणजे होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे माधव श्रीहरी अणे.

लोक त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणायचे.

सुरुवात शाळेतून झाली

बापूजींचा जन्म 29 ऑगस्ट 1880 चा, वणीचा. संस्कृतची गोडी त्यांना लहानपणीच लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

पुढच्या शिक्षणासाठी ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले आणि कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी पहिली नोकरी धरली ती शिक्षकाची. 1904 ते 1907 अशी तीन वर्षं ते अमरावतीच्या काशीबाई हायस्कूलमध्ये शिकवत होते.

हा काळ साधा नव्हता. 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली, स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पेटली. वऱ्हाडात लोकमान्य टिळकांचा शब्द घराघरात पोहोचला होता. शाळा, अभ्यास आणि संस्कृतात रमणारे बापूजीही टिळकांकडे ओढले गेले.

कायद्याची पदवी घेऊन त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. वर्ग सुटला, पण शिकवणं सुटलं नाही. आता गावोगावच्या सभा हाच त्यांचा वर्ग झाला.

होमरूल चळवळीत ते टिळकांच्या बाजूने उतरले. 1918 मध्ये त्यांनी यवतमाळहून एक साप्ताहिक सुरू केलं. त्याचं नाव 'लोकमत'. आज महाराष्ट्रभर जाणाऱ्या दैनिकाच्या नावाचं मूळ यवतमाळच्या या साप्ताहिकात आहे.

समुद्र नव्हता, म्हणून गवत कापलं

1920 मध्ये टिळक गेले आणि देशाची सूत्रं गांधीजींकडे आली. बापूजींचा गांधीजींबद्दल आदर होता, पण प्रत्येक मुद्द्यावर ते हो म्हणत नसत. कायदेमंडळांवर बहिष्कार घालण्यापेक्षा आत जाऊन सरकारला जाब विचारावा, हे टिळकांच्या पठडीतलं मत त्यांनी सोडलं नाही. 1924 पासून ते वऱ्हाडातर्फे केंद्रीय कायदेमंडळात होते. 1928 मध्ये भारताच्या राज्यघटनेचा आराखडा करणाऱ्या मोतीलाल नेहरू समितीतही ते होते.

मग 1930 उजाडलं. दांडीला गांधीजींनी मीठ उचललं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. वऱ्हाडापुढे मात्र एक अडचण होती. इथे समुद्रच नाही, मग मिठाचा कायदा मोडायचा कसा?

उत्तर जंगलात होतं. इंग्रजांच्या जंगल कायद्यामुळे राखीव जंगलातलं गवत परवानगीशिवाय कापणं हा गुन्हा ठरला होता. ज्याच्या गोठ्यात बैल आहेत, त्याला हा कायदा रोज टोचायचा. म्हणून 10 जुलै 1930 ला बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात हा जंगल सत्याग्रह पसरत गेला.

याच पुसदच्या सत्याग्रहीकडे 1933 मध्ये, सगळे मोठे नेते तुरुंगात असताना, काँग्रेसचं हंगामी अध्यक्षपद आलं.

आणि वर्षभरातच त्यांनी काँग्रेसपासून वेगळी वाट धरली. ब्रिटिशांनी जाहीर केलेल्या जातीय निवाड्यावर काँग्रेसने ठाम विरोधाची भूमिका घेतली नाही, हे त्यांना पटलं नाही. पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे या दोघांनी 1934 मध्ये काँग्रेस नॅशनलिस्ट पार्टी काढली.

दारात बसलेला उपोषणकर्ता

1941 मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा अनेक जुने सहकारी नाराज झाले. आत राहून देशाचं काम करता येईल, असं त्यांना वाटत होतं. 1942 ने त्या विश्वासाची परीक्षा घेतली.

ऑगस्टमध्ये चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला उठाव झाला. तो मोडताना तिथल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीत थेट अणेंच्या घरी पोहोचले आणि तिथेच उपोषणाला बसले.

चिमूर हा बापूजींच्या वणीला लागून असलेल्या जिल्ह्यातला भाग. आपलीच माणसं न्याय मागत होती आणि बापूजी त्याच सरकारच्या खुर्चीवर होते. सरकारने भन्साळींना तिथून हलवलं, पण उपोषण पुढे दोन महिन्यांहून जास्त चाललं आणि जानेवारी 1943 मध्ये सुटलं.

पुढच्याच महिन्यात गांधीजींचं उपोषण आलं. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले, त्यांच्यासाठी बापूजींनी खुर्ची सोडली.

ऐंशीच्या घरात पुन्हा लोकांपुढे

त्यानंतर ते 1947 पर्यंत सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. 1948 ते 1952 या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. एवढ्यानंतर कुणीही घरी आराम केला असता. पण वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन ते पुन्हा उभे राहिले. ब्रिजलाल बियाणी यांच्यासोबत त्यांनी राज्य पुनर्रचना आयोगापुढे विदर्भाची बाजू मांडली. 1962 च्या निवडणुकीत नागपूरकरांनी त्यांना लोकसभेत पाठवलं, तेव्हा ते ऐंशी पार केलेले होते.

हा हट्ट पुढच्या पिढीतही दिसला. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी विदर्भाच्या भूमिकेवरून वाद झाल्यावर मार्च 2016 मध्ये राजीनामा दिला. ते बापूजींचे नातू, आणि त्यांचं नाव बापूजींच्या वडिलांचं.

शेवटचा गृहपाठ

एवढी पदं भूषवलेल्या माणसाने उतारवयात आत्मचरित्र लिहिलं असतं, तर नवल नव्हतं. बापूजींनी लिहायला घेतलं ते आपल्या गुरूचं चरित्र. तेही संस्कृतात आणि श्लोकांत. 'श्रीतिलकयशोर्णव' म्हणजे टिळकांच्या यशाचा समुद्र. हजारो श्लोकांचा हा ग्रंथ आहे.

26 जानेवारी 1968 ला, प्रजासत्ताक दिनी, वयाच्या 87 व्या वर्षी बापूजी गेले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषणच्या यादीत त्यांचं नाव होतं. 1973 मध्ये या ग्रंथाला संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो घ्यायला लेखक हयात नव्हता.

यवतमाळात आज त्यांच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. तीन वर्षं शाळेत शिकवून बाहेर पडलेल्या या मास्तरांचं नाव रोज तिथल्या हजेरीपटावर असतं.